अण्णांची खुर्ची

आमच्या वडिलांनी, अण्णांनी, केबलच्या वायरी गावभर स्वतः ओढल्या आणि पुढे त्यावर स्वतःचं वार्ताचॅनल सुरू केलं. गाव लातूर जिल्ह्यातलं, पण बाजारहाट सगळा नांदेडला. अण्णांना हार्ट अटॅक आला आणि डॉक्टरांनी त्यांना घरीच आराम करायला सांगितलं, तेव्हा भाऊ पुण्यात नोकरीला होता. म्हणून ऑफिसातली त्यांची खुर्ची माझ्याकडे आली. काका स्टुडिओ सांभाळायचे. ते तोंडावरच म्हणाले, "पोरीला जमंल का?"

तो उन्हाळा दुष्काळाचा होता. नळ कोरडे पडलेले. कोणत्या गल्लीत टँकर कधी येणार, हे आम्ही पडद्याच्या खालच्या पट्टीवर दिवसभर फिरवत होतो. बातम्यांपेक्षा लोक ती पट्टी बघायचे.

अशातच एका दुपारी फोनावर फोन यायला लागले, आपला तालुका नवा जिल्हा झाला म्हणून. ही मागणी फार जुनी. बघता बघता ऑफिसखाली गर्दी जमली. कुणी गुलाल आणला, कुणी फटाके.

"टाक बातमी," काका म्हणाले. "बाकीचे टाकून राहिले."

मी लातूरला कलेक्टर कचेरीत फोन लावला. तिथला ओळखीचा अधिकारी म्हणाला, "आमच्याकडं तर काहीच आलं न्हाई, ताई."

मी खाली जाऊन लोकांना तेच सांगितलं. गर्दीतला एकजण ओरडला, "अण्णा असते तर कवाच दाखवली असती." वर येते तोच घरून अण्णांचा फोन. आता बोलणी बसणार, असं वाटलं.

"सरकारी कागद आला का?" त्यांनी विचारलं.

"न्हाई."

"मग टँकरची पट्टी चालू ठेव."

एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला. माझा जीव भांड्यात पडला.

संध्याकाळपर्यंत मुंबईहून काहीच आलं नाही. दुसऱ्या चॅनलवाल्यांनी बातमी गुपचूप काढून टाकली. लोक हिरमुसले होऊन घरी गेले. काका चहाचा कप माझ्यापुढे ठेवत म्हणाले, "थांबलीस, लई बरं केलंस." त्यानंतर त्यांनी माझ्या जमण्या-न जमण्याचा विषय कधी काढला नाही.

पुढे बरीच वर्षं मी चॅनल चालवलं. जिल्हा काही झाला नाही, पाऊस मात्र परतला. मग घराघरांत डिश आल्या, हातात मोबाईल आले, आणि आमची गिऱ्हाइकं गळत गेली. चॅनल बंद करावं असं मनात येऊनही वर्षभर मी अण्णांशी त्याबद्दल बोलले नाही. त्यांचं हृदय आधीच नाजूक. शेवटी एकदा जेवताना सांगून टाकलं.

अण्णांनी हातातला घास खाली ठेवला. "मी तर कवाच थकलो होतो," ते म्हणाले. "पण तुला बंद कर म्हणायचं भ्या वाटत होतं. तुला वाईट वाटंल म्हणून."

आम्ही एकमेकांकडे बघितलं आणि दोघांनाही हसू आलं. आई म्हणाली, आधी जेवून घ्या.