आत्याच्या लसणाचं वजन

आमच्या घरात कॉलेजात गेलेली पहिली मी. आजोबा कपड्याच्या मिलमध्ये होते, बाबांनी जन्मभर मानपुर ते महू सवारी जीप चालवली, आणि मी मेकॅनिकल इंजिनियर झाले. हे मी कुणी विचारलं नाही तरी सांगते. पदवी बैठकीत फ्रेम करून लावली आहे. आमच्या घरात आलेली ही पहिलीच वस्तू, जी बाबांना चालवून बघता आली नाही. त्यामुळे ते तिच्याकडे जरा संशयानेच बघतात.

जीप मात्र दारातच उभी होती. बाबांची कंबर गेली, डॉक्टरांनी जीपमध्ये बसायला मनाई केली, आणि भाऊबीजेला गौतमपुऱ्याला आत्याकडे जाणं बंद झालं. आत्या त्यांची एकुलती एक बहीण. गुडघ्यांमुळे तिचंही घराबाहेर पडणं संपलेलं. बस बाबांना झेपेना. मी म्हटलं, टॅक्सी करू.

"बहिणीच्या दारात भाड्याच्या गाडीतून उतरू?" बाबा म्हणाले. "लोकं विचारतील, ड्रायव्हर होता ना हा?"

दोन दिवाळ्या आत्याने भावाच्या जागी चंद्राला ओवाळलं. दुसऱ्या वर्षी फोनवर म्हणाली, "दादा, चंद्राने काही ताटात टाकलं नाही रे." बाबा हसले, फोन ठेवला आणि जेवले नाहीत. त्याच दिवशी मी ठरवलं, पुढच्या भाऊबीजेला बाबा याच जीपमधून आत्याच्या दारात उतरतील.

जुन्या जीपला कमानी असतात. लोखंडाच्या वाकवलेल्या पट्ट्या, एकावर एक रचून बांधलेल्या. गाडीचं वजनही त्याच पेलतात आणि चाकांचा एक्सलही त्याच जागेवर धरतात. दोन्ही कामं एकट्याने करायची, म्हणून त्या ताठ. असा स्वभाव मी घरात लहानपणापासून बघितला होता. नव्या पद्धतीत एक्सल धरायला वेगळे दांडे, त्यांना लिंक म्हणतात, आणि वजन झेलायला वेगळी गोल स्प्रिंग. दांडे आपलं काम करतात, स्प्रिंग आपलं. मग स्प्रिंग हवी तेवढी मऊ घेता येते.

इंदूरला देवास नाक्याजवळच्या गॅरेजवाल्याकडे हे काम करवून घ्यायला रविवारी डोंगर चढणारी हौशी पोरं यायची. मी चित्र पुढे ठेवलं. तो म्हणाला, "भिया... मतलब मैडम, आप इसको कहाँ चढ़ाओगे?"

"गौतमपुरा."

"वो तो सपाट है!"

"हो, आणि तो सपाट रस्ताही कमरेला कळला नाही पाहिजे," मी म्हटलं.

दांड्यांची लांबी मी काढली, कोन मी काढले, चेसिसला पट्ट्या कुठे वेल्ड करायच्या ते खडूने मी आखलं. बाबांच्या कमरेसाठी सगळ्यात मऊ स्प्रिंगा निवडल्या. वजनात बाबा, आई, मी आणि चिवड्याचा डबा धरला. बाबा रोज खुर्ची टाकून बसायचे. कमानी उतरल्या तेव्हा म्हणाले, "चांगली उभी गाडी आडवी करून राहिलीस." गॅरेजवाला म्हणाला, भंगारात देऊन टाकू, याचे सुरे छान बनतात. बाबा असे काही उठले की त्याने हातच जोडले. कमानी घरी आल्या, जिन्याखाली ठेवल्या गेल्या, आणि बाबा त्यांना तेल लावू लागले. माझ्या डोक्याला त्यांनी कधी लावलं नाही.

भाऊबीजेच्या सकाळी बाबा इस्त्रीचा शर्ट घालून खाली आले आणि पहिला प्रश्न, "रेतीची पोती कुठायत?"

रिकामी जीप उडते, म्हणून सवारी नसली की ते मागे रेतीची पोती ठेवायचे.

"नकोत बाबा."

"खाली गाडी नाचेल ना."

"नाही नाचणार. बसा."

स्टिअरिंगवर मी बसले. आई मागे बसली आणि तिने सवयीने दांडा धरला. देपालपुरपर्यंत तिने तो सोडला नाही. बाबांनी डोळे मिटून घेतले. त्यांची जुनी ऐट होती ती. नुसत्या धक्क्यांवरून गाडी कुठे आहे ते सांगायचे. आज धक्काच लागेना. मग म्हणाले, "देपालपुर आलं का?"

"मागे गेलं."

"असं कसं गेलं? मध्ये नाला आहे."

"तोही गेला."

त्यांनी डोळे उघडून मागे बघितलं, मी नाल्याला फसवून आल्यासारखं.

आत्या ओसरीवर खुर्चीत बसली होती. बाबा कुणाचा हात न धरता उतरले. ती बघत राहिली. मग म्हणाली, "दादा, कंबर बदलून आणली का?"

"गाडीची बदलली. माझी तीच है."

आत्याने ओवाळलं, बाबांनी ताटात पाकीट टाकलं. ती म्हणाली, "चंद्रापेक्षा बरा आहेस." दोघं एवढी हसली की निरांजन विझलं आणि आईला ते पुन्हा लावावं लागलं. मी कोपऱ्यात उभी होते. मनात म्हटलं, झालं, जमलं. पदवी चालवून दाखवली.

जेवून बाहेर आले तर जीप कुत्र्यासारखी मागच्या बाजूने बसलेली. आत्याने मागे भरवून ठेवलेली लसणाची पोती, बटाट्याची पोती, गहू, वर दोन भोपळे. स्प्रिंगा पार दबून गाडी खालच्या रबरावर टेकली होती. अशीच चालवली तर प्रत्येक खड्डा थेट बाबांच्या कमरेत.

"उतरवावं लागेल, आत्या."

आत्याचा चेहरा उतरला. "दोन दिवाळ्या चुकल्यावर आला भाऊ, आणि माझ्या दारातून खाली गाडी नेणार? मग चंद्रच बरा होता गं. त्याला काही देऊन पाठवावं लागत नाही."

"राहू दे बेटा," बाबा म्हणाले. "मी सहन करीन."

"सहन करायचं असतं तर कमानी काय वाईट होत्या?"

बाबा जीपच्या मागे वाकून बघून आले. म्हातारा माणूस एवढा खूश मी क्वचित पाहिला आहे. "तुमच्या पुस्तकात लसूण नव्हता वाटतं."

"तुम्ही लसूण सांगितला असता तर मी मांडला असता," मी म्हटलं. आणि हे खरंच आहे. गणित माझं आजही कुणाला दाखवायला तयार आहे. आत्याच्या घरून कधी कुणी रिकामं गेलं नाही, एवढंच त्यात नव्हतं.

शेवटी शेजारच्या शेतकऱ्याचा लोडिंग पिकअप इंदूरला येत होता, कमानींवरचा, त्यात पोती चढवली. आत्या मानायला तयार नव्हती, तेव्हा बाबांनी शब्द दिला की पिकअप आमच्या मागेच चालेल, नजरेआड होणार नाही. म्हणजे तिच्या दारातून सगळं एकत्रच निघालं. भोपळे मात्र तिने आईच्या मांडीवर दिले.

अशी आमची वरात निघाली. पुढे आम्ही पाण्यावरून गेल्यासारखे, मागे लसूण आदळत-आपटत. बाबा सारखे मान वळवून बघत. कमरेचं राहू द्या, त्यांची मान दुखेल अशी मला भीती वाटली.

"पुढच्या वर्षी," ते म्हणाले, "पुढे तुझं ते राहू दे. मागे माझ्या कमानी टाक."

"कमानी नाही. मागे जरा ताठ स्प्रिंग टाकीन."

"लसूण उचलेल?"

"उचलेल."

"मग टाक."

पुढच्या वर्षी, असं ते स्वतःहून म्हणाले होते. मी रस्त्याकडे बघत गाडी चालवत राहिले.

घरी आल्यावर आत्याला पोचल्याचा फोन केला आणि विचारलं, "पुढच्या भाऊबीजेला किती पोती देणार आहेस?"

"अगं, असं कोणी विचारतं का?"

"इंजिनियर विचारतात," मी म्हटलं.