राहुटीतली जायफळाची कॉफी

ये, अशी जवळ बस. कागदावर का होईना, पण बस. फोनवर तर तुझा पाय एका जागी ठरत नव्हता. "आज्जी, आम्ही चौघी तंबू घेऊन डोंगरात चाललोय, चुलीवर चांगली कॉफी कशी करायची ते दोन मिनिटांत सांग," म्हणालीस, आणि मी "आधी पाणी" म्हणेपर्यंत ठेवलास की फोन! अशी असते का गं विचारायची रीत? तंबूतली कॉफी मी ज्या दिवशी शिकले, तो दिवस दोन मिनिटांत मावत नाही. म्हणून लिहितेय. आता मुकाट्यानं वाच.

बहात्तरचा दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली होती. माझ्या लग्नाला चार महिने. माहेर सोलापुरात, दारात नळ, घरात स्टोव्ह, आणि संसार मांडला तो टेंभुर्णीच्या पुढं भीमेच्या काठावर, राहुटीत. राहुटी म्हणजे तुमचा तंबूच, फक्त जाड खाकी कापडाचा, आणि चार दिवसांचा नाही, वर्षभराचा. नदीवर बांधकाम चाललं होतं आणि तुझे आजोबा तिथं पाणी मोजायला होते. काठाला लागून एक दगडी खांब, त्यावर पांढरी पट्टी, पट्टीवर काळे आकडे. दर तासाला जाऊन पाणी कुठल्या आकड्याला आहे ते बघायचं आणि वहीत लिहायचं. आकड्यांच्या वर एक लाल रेघ. पाणी त्या रेघेला लागलं की गळ्यातली शिट्टी वाजवायची. कारण रेघेच्या जेमतेम हातभर वर, सखल काठावर, मजुरांच्या वीसेक झोपड्या होत्या. दिवसा धडधाकट माणसं लांब टेकाडापलीकडं खडी फोडायला जायची. झोपड्यांत उरायची म्हातारी माणसं आणि झोळीतली लेकरं.

त्या दिवशी सकाळी ओव्हरसियर जीप घेऊन आले. खाली न उतरताच म्हणाले, "वर घाटात धो धो चाललंय. संध्याकाळपर्यंत पाणी चढणार. आज डोळा लागता कामा नये." आणि गेले. आमच्याकडं मात्र पावसाचा थेंब नाही बघ! कडक ऊन पडलेलं, आणि ह्या उन्हात नदी आपली गुपचूप चढतेय. मला त्याचीच लई धास्ती वाटायची. पाऊस पडताना नदी वाढली तर माणूस समजू शकतो. ही कोरड्या आभाळाखाली वाढायची.

पाणी मोजायला खरं तर दोघं होते. दुसऱ्याला ताप आला म्हणून तो अकलूजला घरी गेलेला. त्यामुळं तुझे आजोबा दोन रात्री आणि दोन दिवस जागेच. डोळे तांबारलेले. मला म्हणाले, "आज चहानं भागायचं नाही. कॉफी कर. चांगली कडक कर."

आमच्या माहेरी कॉफी रोजची नव्हे. उपासाला, पाहुण्याला, नाहीतर भाऊ परीक्षेला रात्री जागायचा तेव्हा त्याला. मी लग्नात येताना पुडीभर आणली होती, ती ट्रंकेत तशीच होती. काढली. चूल पेटवली, पातेल्यात पाणी, दूध, साखर, कॉफी सगळं एकदम घातलं, जसं घरी स्टोव्हवर करायचे. उकळी आली आणि दूध नासलं! का, तर पाणी जवळच्या विहिरीचं, मचूळ. शिवाय वाऱ्यानं धूर सगळा पातेल्यात. अशी रडकुंडीला आले म्हणून सांगू.

शेजारच्या राहुटीत जीपच्या ड्रायव्हरची बायको राहायची. मी त्यांना आपा म्हणायची. त्या आल्या, पातेल्यात डोकावल्या आणि कपाळाला हात लावला. "क्या गे ये? कॉफी है की म्हशीचं आंबोण?"

तर आता लक्ष देऊन वाच, तुझ्या कामाचं इथंच आहे. आपांनी आधी चुलीचं तोंड फिरवलं. वारा जिकडून येतो तिकडं दगडाची पाठ, तोंड नाही. मग पातेल्याच्या बुडाला बाहेरून ओली माती लिंपली, म्हणजे काजळी मातीला धरते, भांड्याला नाही. पाणी वरच्या मळ्यातल्या गोड विहिरीचं आणायला लावलं. दूध वेगळं, आणि जाळावर नाही, बाजूला ओढलेल्या निखाऱ्यांवर, वर ताटली झाकून. पाण्याला उकळी आली की पातेलं खाली उतरवायचं आणि मग पूड टाकायची. टाकल्यावर पुन्हा जाळावर नाही ठेवायचं, कडू होते. झाकून ठेवायचं, आणि वरून चमचाभर गार पाणी शिंपडायचं. गाळ तळाला बसतो. फडकं आधी भिजवून पिळून घ्यायचं, त्यातून गाळायचं, आणि शेवटी दूध. एवढंच. आपा एवढं शिकवून आपल्या भाकरी थापायला गेल्या.

त्या गेल्यावर मला वाटलं, कॉफीला वास कुठं आहे? कॉफी म्हटली की जायफळ, आमच्या घरी असंच. तेही ट्रंकेत होतं, मसाल्याच्या डब्यात. घरी आई दोन चिमटी घालायची. मी म्हटलं, आज जागायचंय, आज जास्त हवं. निम्मं जायफळ किसलं!

तुझे आजोबा दोन पेले प्यायले. "वा, आता कशी तरतरी आली," म्हणाले. बाराचा आकडा लिहून आले. एकचा लिहून आले. मग राहुटीच्या खांबाला टेकून चप्पल काढायला बसले, आणि एक चप्पल हातात, एक पायात, तसेच झोपले.

मी हलवलं. "हं, बघतो," म्हणाले आणि मान पडली. तोंडावर पाणी मारलं. "बघतो म्हटलं ना," आणि पुन्हा घोरायला लागले. मी आपांना हाक मारली. त्यांनी पेला नाकाशी धरला आणि माझ्याकडं अशा बघायला लागल्या!

"जायफळ डाली क्या?"

"हो. जास्त घातलं. जागायचं होतं ना."

"अगे दीवानी! तान्ह्या लेकराला झोपवायला उगाळून चाटवतेत वो! तेरा मरद अब सांज के बगैर नहीं उठता."

जायफळाचा दोष किती आणि दोन रात्रींच्या जागरणाचा किती, देव जाणे. पण त्या घडीला मला वाटलं, मीच ह्यांना झोपवलंय आणि खाली झोळ्यांत लेकरं आहेत. माझी चौथी झालेली. वहीला कधी हात लावला नव्हता. पण घेतली वही, गेले खांबाकडं. पाणी रेघेच्या खाली चार बोटं. दोनचा आकडा लिहिला. पाच काढला तो सहासारखा दिसायला लागला, म्हणून पुन्हा गिरवला.

मग मला बसवेना की गं. राहुटीत यायची, ह्यांना हलवायची, पुन्हा काठावर. पाण्याच्या कडेला बाभळीची काडी खोचली. फिरून आले तर काडी नाही. दुसरी वर खोचली, तीही गेली. किती खेपा घातल्या कोण जाणे. तिनाच्या सुमाराला बघितलं, तर रेघ ओली झालेली.

वहीत आकडा तेवढा खरडला, पळत आले, ह्यांच्या गळ्यातली शिट्टी काढली आणि झोपड्यांसमोर जाऊन वाजवली. पहिल्यांदा नुसतीच हवा. दुसऱ्यांदा वाजली. एका झोपडीतून एक म्हातारा बाहेर आला आणि हसायलाच लागला.

"वैनी, सायबांची शिट्टी तुमी का वाजवताय? थट्टा करताय व्हय? आभाळ तर कोरडं हाय."

"थट्टा नाही मामा. पाणी रेघेला लागलंय. लेकरं उचला."

"सायेब कुटं हायत?"

काय सांगू? मी म्हटलं, "साहेब झोपलेत. मी कॉफीत जायफळ घातलं म्हणून झोपलेत. तुम्ही लेकरं उचला आधी!" आणि शिट्टी वाजवत सुटले. आपा मागनं ओरडत आल्या, आणि विचारत न बसता पहिल्या झोपडीतली झोळीच सोडून खांद्याला टाकली. ते बघून म्हातारा हलला. मग काय, म्हाताऱ्या, पोरं, कोंबड्या, पिठाचे डबे, सगळं टेकाडावर. झोळ्या मी मोजल्या. सात. पुन्हा मोजल्या. सातच होत्या, तरी तिसऱ्यांदा मोजल्या.

शिट्ट्यांनीच तुझे आजोबा जागे झाले. एका पायात चप्पल, तसेच धावत आले. रेघ बघितली, टेकाड बघितलं, मला बघितलं. शिट्टी मात्र माझ्या हातातून घेतली नाही. चार वाजायच्या आत पाणी झोपड्यांतल्या चुलींत शिरलं. खालच्या पाच झोपड्या गेल्या. त्यांत माणूस नव्हतं.

संध्याकाळी ओव्हरसियर आले, वही उघडली. ह्यांची नोकरी कच्ची होती.

"हे अक्षर कुणाचं?"

"घरातल्यांचं," तुझे आजोबा म्हणाले. "मला झोप लागली होती." जायफळाचं नाव काढलं नाही हं, शेवटपर्यंत.

ओव्हरसियरांनी एकेका आकड्यावरून बोट फिरवलं. मग पेन माझ्यापुढं धरलं. "शेवटच्या आकड्यापुढं वेळ लिहायची राहिलीय. लिहा, बाई." मी लिहिली. त्यांनी खाली सही केली आणि जीपमध्ये बसले. नोकरी राहिली. पुढं वर्षभर, तुझे आजोबा जेवायला बसले की तासाचा आकडा मी लिहून यायची.

इतकी वर्षं झाली, आता पायाखाली फरशी आहे. तरी कोरड्या उन्हात तिकडं घाटात पाऊस झाल्याचं ऐकलं की मला बसवत नाही. गॅलरीत जाते, आत येते. तुझे आजोबा खुर्चीत झोपलेले असले की उगीच हलवून बघते. ते म्हणतात, "बघतो म्हटलं ना."

तर तू डोंगरात जा, ओढ्याच्या कडेला तंबू मारू नकोस, आभाळ कितीही निळं असू दे. आणि तिथनं उतरलीस की घरी जाऊ नकोस, सरळ सोलापूरची गाडी धर. माझी ही येरझार थांबवायला कुणीतरी समोर येऊन बसायला हवं गं. चूल नाही, पण निखाऱ्यावर दूध ठेवायची सोय गच्चीवर केलीय. जायफळ किती ते तू सांग, मी तेवढंच किसेन. ह्या आठवड्यात नाही जमलं तर पुढच्या. पण ये.