सरकारमान्य गोळी

माझ्या नवऱ्याचं डोकं माझ्या धाकट्या दिराने बिघडवलं, आणि तेही अगदी कायद्यात बसवून. रोज संध्याकाळी बाजारातल्या ठेक्यावरून, परवान्याच्या भांगेच्या दुकानातून, गोळी आणायचा आणि यांना द्यायचा. मी अडवलं की हसायचा. "अहो वहिनी, सरकारी ठेका है, गांजा थोड़ी है. महादेवाचा प्रसाद. दादाला झोप छान लागते."

अशी वर्षं गेली. हे आधी विसरायला लागले, गॅस, किल्ल्या, पगाराचा दिवससुद्धा. मग शेजारी आपल्याविषयी कुजबुजतात म्हणून खिडक्या लावून बसू लागले. कंपू मोहल्ल्यातल्या डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, "भांगेचं नि गांजाचं झाड एकच हो ताई. पानं विकायला परवाना मिळतो, फुलं बाळगली तर तुरुंग. मेंदूला हा फरक कळत नाही. रोजची सवय कुणाकुणाला अशी भोवते. आता एकही गोळी नको."

दिराला मी हात जोडून सांगितलं. त्याने मान डोलावली आणि माझी पाठ वळली की देत राहिला. मला कळलं तोवर यांची नोकरी गेली होती. पोटच्या मुलीबद्दल हे म्हणत होते, ही आपली नव्हे, कुणीतरी पाठवलीय. माझ्या हातचा चहा हुंगून बाजूला सारत होते. तेव्हाच म्हटलं, थांब मेल्या, तुझीही पाळी येईल.

आली. पुतण्याचं, म्हणजे त्याच्याच मुलाचं, लग्न झाशीच्या एका घरात ठरत आलं. आपली मराठी घरं इथे हिंदी मुलखात मोजकी, त्यामुळे मुलीचे वडील नात्यात चौकशी करतातच. ते आमच्याकडे, शिंदे की छावनी मोहल्ल्यात आले. पुतण्याही बापासोबत रोज गोळी घेतो, हे मला ठाऊक होतं. मी सगळं सांगितलं, एक शब्द खोटा नाही. वर म्हटलं, "आत जाऊन यांना एकदा बघा." त्यांनी बघितलं. स्थळ मोडलं.

दुसऱ्या दिवशी दीर तणतणत आला. "वहिनी, माझ्या पोराचं वाटोळं केलंत तुम्ही." मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. कित्येक दिवसांनी जेवण गोड लागणार होतं.

आवाज ऐकून हे बाहेर आले. भावाला पाहून लहान मुलासारखे हसले आणि गोळीसाठी त्याच्यासमोर हात पसरला.

"बघा भाऊजी," मी म्हटलं, "या घरात आता त्यांचा विश्वास फक्त तुमच्यावर आहे."