हिरव्या पट्टीचा पाहुणा

सोमाजी दिघोरेने आरमोरीजवळच्या एकाच मामा तलावात, म्हणजे मालगुजारांच्या काळातल्या जुन्या तलावात, चाळीस वर्षं जाळं टाकलं. तलावाचा तळ त्याला पायांनी पाठ होता. मासे कुठे आहेत ते तो सांगे, आणि ते तिथेच असत. त्यामुळे त्याच्या शब्दाला गावात वजन होतं. गेल्या दोन हिवाळ्यांत मात्र त्याच्या एका बोलण्यावर लोक हसू लागले होते, आणि ते त्याला फार लागत होतं.

त्याआधीच्या हिवाळ्यात नागपूरचा एक फोटोवाला त्याच्या डोंग्यात बसला होता. तलावाच्या उत्तरेकडच्या उथळ कोपऱ्यात पट्टकादंब उतरले होते. हिमालय ओलांडून येणारे, डोक्यावर दोन काळ्या रेघा असलेले हे राखाडी हंस. त्यातल्या एकाच्या मानेत हिरवी पट्टी होती आणि तिच्यावर पांढऱ्या अक्षरांत ‘एच ४७’. दूर मंगोलियात पाखरांचे अभ्यासक अशा पट्ट्या घालतात, असं त्या माणसाने सांगितलं आणि पुढे आठवणीने फोटोही पाठवला. सोमाजीने तो आरशाच्या चौकटीत खोचून ठेवला. पुढच्या हिवाळ्यात हिरवी पट्टी लांबून पुन्हा दिसली. यंदाही दिसली.

“तोच होये,” सोमाजी ज्याला त्याला सांगे. “आपला कोपरा पाहून येते.”

यंदा मच्छीमार सोसायटीने त्या कोपऱ्यातही शिंगाडा लावायचं ठरवलं. वेलीने पाणी झाकलं की हंस उतरणार कुठे? सोमाजी सभेत उठून उभा राहिला.

“एवढ्या लांबून तोच पाहुना तिसऱ्यांदा आला, अन् आपन त्याची बसाची जागा झाकाची?”

“काऊन गा सोमाजी,” अध्यक्ष देवाजी म्हणाला, “त्यानं तुले आधार कार्ड दाखवलं का?” सभा खदखदून हसली. मग देवाजीनेच तोड काढली. “नंबर आन. तोच निघाला तं कोपरा सोडू. नाई तं शिंगाडा.”

वनरक्षक मंजुषाबाईंकडे पक्षीगणनेसाठी कॅमेरा आलेला होता. गणना संपली होती, कॅमेरा परत जायला तीन दिवस होते. त्या सोमाजीला म्हणाल्या, “भाऊ, माझी फेरी जंगलात आहे. सकाळी तुमीच कॅमेरा धरा.”

हंस रात्री धानाच्या बांध्यांत चरत आणि उजाडल्यावर पाळीवरून, तलावाच्या बांधावरून, उडत पाण्यात येत. पाण्यात बसले की ते फार लांब असत. नंबर वाचायचा तो उडतानाच.

पहिल्या दिवशी सोमाजीने चित्रण केलं ते कॅमेरा होता तसाच धरून. पडद्यावर पाखरं सुरेख वाहत आली, पण थांबवून पाहिलं तर मानेवर नुसता हिरवा फराटा.

“शटरची झडप सेकंदाच्या पन्नासाव्या भागावर होती,” मंजुषाबाई म्हणाल्या. “पाहायला बरं दिसते, पण तेवढ्यात पाखरू हातभर पुढं जाते. आपल्याले सिनेमा नाई, नंबर पायजे.” त्यांनी झडप दोन हजाराव्या भागावर नेली. उजेड कमी पडेल म्हणून भिंगाचं तोंड पूर्ण उघडलं आणि आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपायची ताकद, वाढवला. फोकस सतत पाखरामागे धावेल असा लावला. मागे काळी झाडी होती, तिच्यापुढे पांढरं डोकं आणि पांढरी अक्षरं फटफटीत होऊ नयेत, म्हणून उजळपणा एक पायरी खाली आणला.

दुसऱ्या दिवशी सगळं चोख होतं, फक्त पाखरू नव्हतं. मागची काळी झाडी, कडेला एखादी चोच.

मंजुषाबाईंनी ती रिकामी झाडी दोनदा पुढेमागे करून पाहिली. मग त्यांनी विचारलं, “भाऊ, जाळं कुठी फेकता?”

“माशाच्या पुढं. मासा जाते तिथी.”

“कॅमेराही तसाच फेकून राह्यले तुमी! जाळ्यानं पुढं जाऊन थांबाचं. यानं पाखराच्या संगं जाचं.”

सोमाजी ओशाळून हसला. चाळीस वर्षांची कंबर एका दिवसात कशी ऐकणार? दुपारभर तो अंगणात उभा राहून घारींमागे कॅमेरा फिरवत होता. पाय रोवलेले, कोपर पोटाशी, वळायची ती फक्त कंबर.

“आता घारीचेबी नंबर घेता का?” त्याच्या बायकोने, कुंताने, चुलीपाशी बसून विचारलं.

तिसऱ्या दिवशी हंस पाळीवर आले तेव्हा सोमाजीची कंबर त्यांच्यासोबत वळत गेली. मंजुषाबाईंनी चित्र थांबवलं. पंखाचं पीसन् पीस मोजावं असं स्पष्ट होतं, आणि मानेवर अक्षरंही: ‘के १२’.

सोमाजीने नंबरावर बोट ठेवून तो पुन्हा वाचला.

“जुना नंबर गावात कोनाले आठवते, भाऊ?” मंजुषाबाई हळूच म्हणाल्या आणि स्वतःच खाली पाहू लागल्या. “फोटो तं तुमच्याच घरी आहे.”

“मले आठवते ना,” सोमाजी म्हणाला.

सभेत त्याने आरशातला फोटो आणि कॅमेरा शेजारी शेजारी ठेवले. “तो नोहे. हा दुसरा निघाला. मी चुकलो.”

कोणी हसलं नाही. देवाजीने ते चित्र पुन्हा लावायला सांगितलं. पाखरू संथपणे पाळ ओलांडून उत्तरेकडे वळलं आणि पाय पुढे करून त्याच कोपऱ्यात उतरलं. देवाजीने ते तीनदा पाहिलं.

“म्हंजे एक नाई, दोन पाहुने त्याच कोपऱ्यात आले,” कुंता मागून म्हणाली.

“शर्त म्हंजे शर्त,” देवाजी म्हणाला. “सोसायटी कोपरा सोडत नाई.” थोडं थांबून तो पुढे म्हणाला, “पन सोमाजी, शिंगाड्याच्या पान्यात तुहाही एक वाटा आहे. तो तिथी घे. मंग त्यात वेल टाक, नाई तं पानी ठेव. तुले कोन इचारते?”

सोमाजीने क्षणभर कुंताकडे पाहिलं. तिने पदर सावरला, पण मान हलवली नाही. हो म्हणून नाही, की नाही म्हणून नाही.

“तिथीच देजो,” तो म्हणाला.

घराच्या दाराशी पोचल्यावर कुंताने त्याच्या हातातला फोटो घेतला, पदराने पुसला आणि आरशात परत खोचला.

“यंदा शिंगाडे नाई,” ती म्हणाली. “हाच उकडून देईन तुमाले.”