प्रेडिक्टेबली

"मॅडम अगदी प्रेडिक्टेबली शिकवतात." वर्ग तपासायला आलेल्या संस्थाचालकांच्या सूनबाई माझ्या वर्गात, वीस-बावीस मुलींसमोर बोलल्या. मग मुलींना कळावं म्हणून मराठीत, "सगळं ठरलेलं. कंटाळा येतो हो. खेड्यात खपून जातं."

मुली माझ्याकडं बघत होत्या. मी सदुसष्ट वर्षांची, इंग्रजीची एम.ए. तोंडातून निघालं, "हो मॅडम."

नातवंडांनो, तुमच्या आजीची ही लाज आधी लिहिते.

निवृत्तीनंतर मी बेंबळीजवळच्या या शाळेत सातवीला इंग्रजी शिकवते. सोमवारी शब्द, मंगळवारी वाचन, गुरुवारी पत्रलेखन. कधी बदललं नाही.

दुपारी ऑफिसात सूनबाईंचा शेरा टाईप होऊन आला. तोच शब्द. खाली 'वाचले, मान्य' लिहून सही करायची. नोकरीभर असंच केलं. साहेब लिहिणार, बाई सही करणार. कित्येकदा न वाचताच. पेनाचं टोपण काढलं.

दारात अर्चना आली. माझ्याच वर्गातली. सोयाबीन काढायला आठ दिवस रानात होती, बोटांना चिंध्या बांधलेल्या.

"बाई, आज गुरुवार न्हवं का? पत्र आसतंय. तेवढं शिकून जाते. उद्या परत रानात जायचंय."

समोर बसलेल्या सूनबाईंनी विचारलं, "तुला कुणी कळवलं, आज पत्र आहे म्हणून?"

"कुणी कशाला कळवावं? बाईंचं ठरलेलंच आसतंय की."

मी तिच्या बोटांकडं बघत राहिले. सुगीत निम्मा वर्ग रानात असतो. परत आलेल्या मुलीला कुठून धरायचं ते न विचारता कळावं, म्हणून तर मी वार लावले होते. हे सकाळी सांगायला हवं होतं. मी 'हो मॅडम' म्हणाले.

कागदावर लिहिलं, 'वाचले. मान्य नाही.'

"अहो, नुसती फॉरमॅलिटी आहे," सूनबाई हसल्या. "असं केलंत तर दिवाळीनंतर दुसऱ्या बाई बघाव्या लागतील."

"बघा."

अर्चनाला व्हरांड्यात बसवून पत्र शिकवलं.

दिवाळीनंतर मला बोलावणार नाहीत. गुडघे गेलेत, एसटीची वाट बघून जीव शिणतो. घरी बसायला मन लगेच तयार होतं. पण बसणार नाही. वर्ग काढून घेतला तर देवळाच्या ओट्यावर घेईन. तिथूनही उठवलं, तर दुसरीकडं. आणि जे मला पटलेलं नाही, त्याच्याखाली आता मरेपर्यंत 'मान्य' लिहिणार नाही.