जिनिंगमधला इंग्रजीचा पेपर

वीसपैकी चार. देविदासभाऊंनी पेपर माझ्यासमोर ठेवला.

"मॅडम, आता एकच चान्स हाये. मंग इन्चार्ज बाहेरून आनतीन."

मी वर्ध्याला स्पोकन इंग्लिश शिकवते. सिंदी रेल्वेजवळच्या एका जिनिंगने, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्याने, मला दोन महिन्यांसाठी बोलावलं होतं. नव्या मशीनचं मॅन्युअल इंग्रजीत, म्हणून शिफ्ट इन्चार्ज व्हायचं तर इंग्रजीची लेखी परीक्षा. देविदासभाऊ तिथे बावीस वर्षं फिटर. आवाजावरून बिघाड ओळखणारा माणूस कागदावर नापास होतो, याची मला चीड आली. भाषा कामाला मदत करण्यासाठी असते, दारात अडवण्यासाठी नाही.

गाडी अडत होती फ्रेजल व्हर्ब्जपाशी. क्रियापदाला एक छोटा शब्द जोडला की अर्थ वळतो. आपणही 'बोलून बसलो' आणि 'बोलून टाकलं' म्हणतो. बोलणं तेच, पण पहिल्यात पस्तावा आहे, दुसऱ्यात सुटका. मॅन्युअलमध्ये अशा वीस जोड्या होत्या: शट डाउन, स्विच ऑफ, क्लिअर आउट, टेक ऑफ. मी त्यांची यादी पाठ करायला दिली होती. चूक माझीच होती.

दुसऱ्या दिवशी मी मशीन हॉलमध्ये गेले. शेजारच्याचंही ऐकू येईना, तरी सगळे बोलत होते. हातांनी. देविदासभाऊंनी मूठ वळवली, मग तळहात आडवा फिरवला. पलीकडच्याने स्विच बंद केला. त्यांनी बोटं आकड्यासारखी वाकवून हात बाहेर झटकला. त्याने अडकलेला कापूस उपसला.

प्रत्येक खूण दोन तुकड्यांची होती. पहिला तुकडा काम सांगायचा, दुसरा त्याची दिशा. मी बघतच राहिले.

बाहेर आल्यावर विचारलं, "भाऊ, हात झटकला तो कशासाठी?"

"बाहेर काढ म्हून."

"तोच आउट. आणि आडवा हात म्हणजे ऑफ."

"मंग हे पह्यले सांगाचं ना! काऊन यादी घोकवून राह्यल्या?"

टेक ऑफपाशी मात्र मीच अडले. कव्हर काढण्यात ऑफ कसा येतो, हे समजावू कसं? ते देविदासभाऊंनीच सांगितलं.

"स्विच बंद केला तं मशीन करंटपासून सुटलं. कव्हर काढलं तं थे मशीनपासून सुटलं. एकच तं हाये."

इतकं सोपं मला कोणी शिकवलं नव्हतं.

मी मॅनेजर काळेसाहेबांना म्हटलं, परीक्षा मशीनजवळ घ्या.

"मॅडम, परीक्षा आहे. नाटक नाही."

"प्रश्न तुमचेच. कार्डावर लिहून दाखवा. ते लिहिणार नाहीत, करून दाखवतील."

कार्डं स्वतः दाखवणार, या अटीवर साहेब तयार झाले.

परीक्षेच्या दिवशी साहेबांनी मशीनजवळ कार्डं पिसली. देविदासभाऊ वाचत होते, करत होते. एकही चुकलं नाही. मग मशीन चालू असताना कार्ड आलं: टेक ऑफ द कव्हर. देविदासभाऊ हलले नाहीत. साहेबांनी कार्ड पुन्हा हलवलं. देविदासभाऊंनी दोन्ही हात पाठीमागे बांधले.

साहेब आम्हाला बाहेर घेऊन आले. "हे वाचता आलं नाही. नापास."

"वाचलं ना साहेब. कव्हर काढ म्हनते थे. आंदर रोलर फिरून राह्यला. पह्यले शट डाउनचं कार्ड दाखवा, मंग काढतो. मी इन्चार्ज झालो तं दुसऱ्यालेबी असं काढू देनार नाई."

 साहेब पुन्हा आत गेले आणि त्यांनी शट डाउनचं कार्ड शोधून वर धरलं.

देविदासभाऊ आता इन्चार्ज आहेत. परीक्षा मशीनजवळच होते. मी वर्गात एक प्रश्न वाढवला आहे. हुकूम समजला का, हे विचारून झालं की विचारते, तो कधी पाळायचा नाही? पहिल्या प्रश्नाला सगळे हात वर करतात. दुसऱ्याला उत्तर बहुतेक कारखान्यातून आलेलेच देतात.