सुमतीताईंची तळ्यावरची वाडी

३ मार्च २००६, शुक्रवार. आठवड्याची मेथी निवडत होते, तेव्हा वसंतरावांचा फोन आला. सुमतीताई पहाटे झोपेतच गेल्या… मेथी तशीच ठेवून मी खाली त्यांच्या घरी गेले.

कुवेतच्या सलवा भागातल्या एकाच इमारतीत आम्ही बरीच वर्षं राहिलो. वसंतराव मीना अल-अहमदीच्या रिफायनरीत इंजिनिअर. ताई मूळच्या अलिबागकडच्या. शुक्रवारी आम्ही चारपाच बायका त्यांच्याकडे जमायचो आणि त्या धाकट्या बहिणीच्या सासरच्या गोष्टी सांगायच्या. तळ्याकाठची छोटी वाडी. मूठभर माणसांनी दलदल उपसून वसवलेली. सगळ्यांचा स्वयंपाक एक, कपडे एकत्र धुवायचे, पोरंसुद्धा रात्री एका वेगळ्या घरात निजायची. वरच्या डोंगराच्या हद्दीवरून कायमचं भांडण. ते पेटलं की पोरांना तळघरात न्यायचं. पुढे भांडण निवलं, तर वाडीची रीतच बदलली. सामायिक जेवणघर बंद पडलं आणि आयुष्यभर पंगतीत जेवलेल्या बहिणीने उतारवयात ताईंकडे प्रेशर कुकर मागितला. आम्ही पोट धरून हसलो. हद्दीची भांडणं म्हणजे कोकणच, यात कुणाला शंका नव्हती.

एकदा सुट्टीवर निघताना मी ताईंना विचारलं, अलिबागहून वाडीला एसटी कितीला आहे? त्यांनी स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं.

"अगं, ती वाडी इस्रायलमध्ये आहे. तिकडे किबुत्झ म्हणतात. आम्ही बेने इस्रायली, कोकणातले ज्यू. मी लग्नानंतर सुमती झाले."

त्या देशाचं नाव कुवेतमध्ये उच्चारणं म्हणजे वसंतरावांची नोकरी पणाला लावणं. मग एवढ्या जणींपुढे सांगता कशाला, असं मी जरा रागानेच विचारलं.

"कोकण तुम्ही घाटावरच्यांनी ठरवलंत. मी फक्त 'नाही' म्हटलं नाही."

खरंच, त्या एकदाही खोटं बोलल्या नव्हत्या. बहिणी अलिबागला भेटत, पण तळं ताईंनी पाहिलेलं नव्हतं. जूनमध्ये वसंतराव निवृत्त झाले की जायचं ठरलं होतं…

त्या दिवशी वसंतराव एकच विचारत होते, बहिणीला तिचं तोंड तरी बघायला मिळेल का? दहन मुंबईला व्हायचं होतं, आणि कुवेतहून इस्रायलला फोन लागत नाही. मी ठाण्याला माझ्या भावाला बहिणीचा नंबर दिला. तासाभरात त्याचा उलटा फोन आला: शनिवारी अंधार पडेपर्यंत त्यांच्याकडची विमानं सुटत नाहीत. बहीण शनिवारी रात्री निघेल, रविवारी मुंबईत पोचेल.

वसंतराव ताईंना घेऊन गेले ते परत आले नाहीत. आता हे लिहायला हरकत नाही.

त्या फोननंतर दुसऱ्या दिवशी, शनिवारी सकाळी मी विमान कंपनीच्या मालवाहतूक कार्यालयात गेले. कागद दुपारपर्यंत झाले तर शवपेटी आज रात्रीच पाठवतो, असं तिथला मल्याळी कारकून समजुतीने म्हणाला. मी उद्या रात्रीचं विमान मागितलं.

"मॅडम, सब लोग जल्दी माँगते हैं."

मी म्हटलं, "कल का ही दीजिए," आणि सही केली.